आवाज गेल्यावर बांधलेला पूल

नदीच्या मुखाजवळ, जिथे पाणी धड गोडही नसतं आणि धड खारटही, तिथे एका मोठ्या पुलाचं काम चालू होतं. त्या कामावर एक माणूस असा होता की ज्याला वायरलेसची कधी गरजच पडली नाही. तो अलीकडच्या काठावरून हाक मारायचा आणि पाण्यातल्या खांबावर काम करणारा गवंडी हातातलं थापी-ओळंबं खाली ठेवून वळून बघायचा. कामगारांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. पुढे तो बांधकामाचा प्रमुख झाला, तेव्हा मान राखायचा म्हणून भोंगेसाहेब म्हणू लागले. नाव इतकं रुळलं, की मुख्य कचेरीत नव्याने लागलेल्या एका कारकुनाने त्याला खरंच आडनाव समजून ओळखपत्रावर छापून पाठवलं. साहेबांनी ते बदलून घेतलं नाही. आठवडाभर गळ्यात घालून मिरवलं.

ओव्हरसियर म्हणून लागलेला हा माणूस. पाण्याच्या पाइपलाइनी झाल्या, कालवे झाले, उड्डाणपूल झाले, प्रत्येक कामावर त्याने एकच हत्यार वापरलं आणि ते म्हणजे घसा. काम तोंडाने चालतं, अशी त्याची पक्की समजूत होती. पत्र्याच्या कंटेनरमधल्या त्याच्या ऑफिसात एक टेबल, चार खुर्च्या, सिमेंटच्या धुळीने पांढरा पडलेला पंखा आणि खिडकी एवढंच होतं. त्यातली खिडकी सगळ्यात महत्त्वाची. ती कायम उघडी असायची, कारण निम्मे हुकूम तिच्यातूनच सुटायचे.

अशा या माणसाच्या कामावर कंपनीने एक पोर्टल आणलं. पुलाची सगळी ड्रॉइंग्ज, संगणकावर उभा केलेला अख्खा पूल, कोणी कोणाला विचारलेले प्रश्न, मंजुऱ्या, रोजचे फोटो, सगळं एकाच जागी. दूरच्या शहरातल्या डिझाइन ऑफिसला, लोखंड कापणाऱ्या कारखान्याला, दोन्ही काठांवरच्या टोळ्यांना, सगळ्यांना तेच आणि एकाच वेळी दिसणार. ते चालवायला कंपनीने एक समन्वयक बाई नेमल्या. पस्तिशीच्या आसपासच्या, बोलायला मोजक्या, पण एकदा धरलेलं सोडायच्या नाहीत. त्यांच्या कंटेनरमध्ये दोन मोठे पडदे होते आणि खिडकी कायम बंद.

"साहेब, सुधारलेलं ड्रॉइंग पोर्टलवर टाकलंय," त्या सांगायच्या.

"टाकलंय तर पडू दे तिथेच," साहेब म्हणायचे.

साहेब पोर्टलला पडद्यावरचा पूल म्हणत आणि त्याच्यापासून चार हात लांब राहत. काही अडलं की सरळ फोन उचलायचा, डिझाइन ऑफिसमधल्या बाईंना गाठायचं, दोन वाक्यांत प्रश्न, दोन वाक्यांत उत्तर, झालं. त्या डिझायनर बाईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. फोनवर दोघांचं जमतही नव्हतं, कारण साहेबांचा आवाज कानठळ्या बसवणारा आणि बाईंना प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असायचं. "लेखी विचारा," असं त्या म्हणत. पुढे पुढे त्यांनी फोन घेणं आपल्या मदतनिसावर सोपवलं. पोर्टलवर मात्र त्या साहेबांच्या नावाने प्रश्न टाकत राहिल्या. साहेबांनी ते कधी उघडून पाहिले नाहीत.

याचा फटका एकदा बसला. एका खांबाच्या डोक्यावरच्या सळ्यांमधून केबलची नळी जायची होती. ती थोडी डावीकडे सरकवायची, असं साहेबांनी त्या मदतनिसाशी फोनवर ठरवलं आणि आपल्या टोळीला खिडकीतून सांगितलं. टोळीने सरकवली. पण लोखंडाच्या कारखान्याला कोणी कळवलं नव्हतं आणि पलीकडच्या काठावरच्या टोळीलाही नाही. कारखान्यातून जुन्या मापाचा सांगाडा आला, तो बसेना, आणि बांधलेल्या सळ्या पुन्हा सोडाव्या लागल्या. साहेबांनी त्या दिवशी सगळा काठ डोक्यावर घेतला. ओरडून झाल्यावर त्यांना बरंही वाटलं. समन्वयक बाई जवळच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा आवाज कारखान्यापर्यंत पोचत नाही, साहेब. तो फार लांब आहे."

साहेबांनी ते अंगाला लावून घेतलं नाही.

मग घसा बसला. आधी सर्दीवर ढकललं, मग धुळीवर, मग चहावर. बायको ऐकत होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिच्यापुढे सबबी चालत नसत. "अहो, धूळ तर तुम्ही आयुष्यभर खाताय," ती म्हणाली, "आजच तिला काय झालं?" तिने सुट्टी टाकली, त्यांना गाडीत बसवलं आणि घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, गाठ तपासायला गेली आणि दोघं अहवालाची वाट बघत बसले. अहवाल चांगला आला. गाठ साधी निघाली. दोघांचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"पहिले काही आठवडे एक शब्दही नाही. कुजबुजही नाही, तिने जास्त ताण येतो. नंतर हळू बोलता येईल. पण आधीचा आवाज परत येईल असं मी सांगणार नाही. आणि ओरडणं कायमचं बंद."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "मी बघते, डॉक्टर."

घरात अशी शांतता आली, की खालच्या मजल्यावरचे शेजारी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारायला आले. बायकोने शाळेतून एक छोटा पांढरा फळा आणून दिला. साहेब त्यावर लिहायचे, ती वाचायची आणि बऱ्याचदा पुसून टाकायची. 'मीठ' लिहिलं की ती म्हणायची, "वाक्य पूर्ण करा." एवढ्या वर्षांत साहेबांना पहिल्यांदाच तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं लागलं. तिच्या शाळेत काय चाललंय, कोणत्या वर्गाला अपूर्णांक समजत नाहीत, मुख्याध्यापिका कशी आहे. बायको गोष्ट छान सांगते, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि इतक्या उशिरा आल्याची थोडी लाजही वाटली.

कंपनीचे मोठे साहेब, म्हणजे अख्ख्या प्रकल्पाचे प्रमुख, घरी येऊन भेटून गेले. मनाने चांगला माणूस. मुख्य कचेरीत बसायचं काम देऊ, निवृत्तीपर्यंत आराम करा, असं ते म्हणाले. साहेबांनी फळा ओढला आणि लिहिलं, 'पूल अर्धा आहे.' मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चहा संपवून निघाले. सोमवारी भोंगेसाहेब कामावर हजर झाले.

पहिला दिवस वाईट गेला. खिडकी उघडी होती, पण तिच्यातून सोडायला काही नव्हतं. समोर क्रेनवाला पुलाच्या एका तुकड्याला चुकीच्या बाजूने पट्टा अडकवत होता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. काँक्रीटच्या पंपाच्या घरघरीत त्या कुठल्या कुठे विरल्या. त्यांनी हात हलवला, तर एका सुताराला वाटलं साहेब नमस्कार करतायत, त्यानेही उलट नमस्कार केला. शेवटी साहेब धावत क्रेनपर्यंत गेले. तोवर क्रेनवाल्याने आपलं आपणच पाहून पट्टा बदलला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी आणली. पहिल्या शिट्टीला सगळ्या टोळ्या धोक्याची सूचना समजून हातातलं काम टाकून सुरक्षित जागी जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना परत कामाला लावायला बराच वेळ गेला. शिट्टी टेबलाच्या खणात गेली.

त्या संध्याकाळी ते खुर्चीत बसून होते. खिडकीबाहेर लोक आपापली कामं करत होते आणि साहेबांशिवाय करत होते, हे त्यांना सगळ्यात जास्त टोचत होतं. समन्वयक बाई आत आल्या. त्यांनी कसे आहात वगैरे काही विचारलं नाही. टॅबलेट टेबलावर ठेवला.

"तुमच्या नावावर इथे बरेच प्रश्न पडून आहेत. मी उत्तरं देऊ शकत नाही, कारण ती तुम्हालाच माहीत आहेत."

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'मला हे येत नाही.'

"लिहिता तर येतंय," बाई फळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

साहेबांनी टॅबलेट काखोटीला मारला आणि घरी नेला. जेवण झाल्यावर एका बोटाने टायपत त्यांनी पहिली सूचना तयार केली. शाळेनंतर त्यांनी लांब काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे लिहायचं म्हणजे जड लिहायचं असं त्यांना वाटे. 'संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की, उत्तोलन कार्य करतेवेळी पट्ट्यांची योग्य ती दक्षता घेण्यात यावी.' त्यांनी ते बायकोला दाखवलं.

बायकोने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "अहो, हे तुम्ही लिहिलंत? मला वाटलं पाणी बंद असल्याची नोटीस आहे. यातून क्रेनवाल्याला काय कळायचं? तुम्ही त्याला खिडकीतून काय म्हणाला असता?"

साहेबांनी जरा विचार केला आणि फळ्यावर लिहिलं. बायकोने वाचून भुवया उंचावल्या. "यातले दोन शब्द गाळा. बाकीचं तसंच टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टलवर अलीकडच्या टोळीच्या नावाने साहेबांची पहिली नोंद झळकली. 'पट्टा पोटाखालून घ्या, कमरेला बांधू नका. तुकडा आहे तो, नवरदेव नाही. खाली फोटो बघा. लाल गोल केलाय तिथे अडकवा. कळलं नाही तर विचारा, मी आता ओरडत नाही.'

दुपारपर्यंत ती नोंद काठभर झाली. लोक एकमेकांना वाचून दाखवत होते. क्रेनवाल्याने खाली लिहिलं, 'कळलं साहेब. पण समोरून बार्ज आली की पोटाखालून घ्यायला जागा राहत नाही. तेव्हा काय करू?' साहेब ते वाचून गप्प बसले, म्हणजे गप्प तर ते होतेच, पण आतूनही गप्प झाले. प्रश्न बरोबर होता. या क्रेनवाल्याबरोबर त्यांनी किती कामं केली, पण त्याने आजवर त्यांना कधी उलट प्रश्न विचारला नव्हता. विचारायला मधे फटच नसायची.

त्यांनी ती सपाट मालवाहू बोट, म्हणजे बार्ज, उभी करायची जागा बदलली आणि ते बदललंय हे सगळ्यांना दिसेल असं टाकलं.

हळूहळू त्यांना गोडी लागली. सकाळी हेल्मेट घालायच्या आधी ते पोर्टल उघडायचे. पलीकडच्या काठावरच्या टोळीतले बरेचसे वेल्डर दुसरी भाषा बोलणारे होते. साहेब आजवर त्यांना मोठ्याने सांगत, आणि कळलं नाही की आणखी मोठ्याने. ते माना डोलवत. आता साहेबांचं लिहिणं त्यांना बटण दाबलं की त्यांच्या भाषेत दिसू लागलं, आणि त्यांचं साहेबांना. भाषांतर अधूनमधून गमतीचं व्हायचं. नवरदेवाच्या जागी काय आलं असेल कोण जाणे, तिकडच्या एका वेल्डरने 'कोणाचं लग्न आहे?' असं विचारलं. पण त्याच वेल्डरने पुढे एका सांध्याचा फोटो टाकून लिहिलं, 'या कोपऱ्यात हात पोचत नाही. आम्ही जमेल तसं करतो. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.' साहेब स्वतः होडीने पलीकडे गेले, कोपऱ्यात हात घालून पाहिला, आणि नाही पोचला. त्यांनी फोटोवर खूण केली, माप लिहिलं आणि डिझायनर बाईंकडे धाडलं.

डिझायनर बाईंनी तासाभरात वेगळा सांधा काढून पाठवला. खाली लिहिलं होतं, 'कारण दिल्याबद्दल आभार. पहिल्यांदाच मिळालं.'

साहेब मिशीतल्या मिशीत हसले. मग त्यांनी बाईंचे जुने प्रश्न एकेक करून काढले. वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की बाई त्रास द्यायला विचारत नव्हत्या. त्यांना तिथे बसून जे दिसत नव्हतं ते हवं होतं. वारा कुठून येतो, बार्ज किती डुलते, उन्हात लोखंड किती लांबतं. हे सगळं साहेबांना तोंडपाठ होतं आणि कोणी नीट विचारलं नाही अशी त्यांची तक्रार होती. विचारलं तर होतं. ते रोज एक-दोन उत्तरं लिहीत गेले. उत्तरं आधी एका ओळीची होती, मग ती लांबली. भरतीचं पाणी दुपारनंतर कसं वागतं यावर त्यांनी एवढं लिहिलं, की बायको म्हणाली, "आता याला धडा म्हणा आणि खाली स्वाध्याय द्या."

तोवर साहेबांना हळू बोलायची परवानगी मिळाली होती. जो आवाज आला तो खरखरीत आणि पाणी सांडल्यासारखा पातळ होता. हाताच्या अंतरावरच्या माणसाला ऐकू जाई, त्यापुढे नाही. त्यांना वाईट वाटलं, पण वाटलं होतं त्यापेक्षा कमी.

पूल दोन्ही काठांवरून वाढत वाढत नदीच्या मध्यापर्यंत आला. दोन हात एकमेकांकडे केलेले आणि मधे एकच जागा मोकळी. ती भरणारा शेवटचा तुकडा बार्जवर ठेवून त्या जागेखाली आणायचा आणि दोन्ही हातांच्या टोकांवर बसवलेल्या लोखंडी चौकटींवरच्या जॅकनी केबल ओढून वर उचलायचा. चौकट पुढे झुकू नये म्हणून मागच्या बाजूने ती जाड सळ्यांनी पुलाला जखडलेली. प्रत्येक सळईवर किती भार आलाय ते पोर्टलवर त्या क्षणी दिसणार होतं, सगळ्यांना.

या उचलीच्या तयारीच्या बैठकीत साहेबांनी एक मागणी ठेवली. बैठक पडद्यावरच होती. अर्धे लोक काठावर, अर्धे दूरच्या शहरांत. साहेबांनी बोलण्याऐवजी लिहिलं आणि ते सगळ्यांपुढे आलं. 'उचल चालू असताना जॅकवाला, दोन्ही काठांचे वेल्डिंग प्रमुख, बार्ज हाकणारा सारंग आणि डिझायनर बाई, यातल्या कोणीही थांबा म्हटलं की उचल थांबणार. कारण नंतर विचारायचं. मी म्हणालो चला तरी थांबायचं.'

मोठ्या साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "इतके ब्रेक लावले तर गाडी हलायचीच नाही. एकाच्या हातात असू द्या. तुमच्या."

साहेब माइकजवळ झुकले आणि खरखरीत आवाजात म्हणाले, "मला एकाच ठिकाणाहून दिसतं, साहेब. उचल पाच ठिकाणांहून दिसते."

मोठे साहेब मान डोलावून "ठीक आहे" म्हणाले.

उचलीच्या दिवशी काठावर तंबू ठोकला होता. खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुणे आले होते, खात्याचे अधिकारी होते. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. साहेब अलीकडच्या हाताच्या टोकावर हेल्मेट घालून उभे होते, छातीशी टॅबलेट पट्ट्याने बांधलेला. समन्वयक बाई शेजारी. बार्ज बरोबर जागेवर आली. साहेबांनी 'उचला' लिहिलं. जॅक घुमले, केबल ताणल्या आणि तो घराएवढा तुकडा बार्जवरून सुटून हवेत आला. तंबूत टाळ्या वाजल्या.

तुकडा माणसाच्या डोक्याएवढा वर गेला असेल नसेल, टॅबलेट लाल झाला. 'थांबा.' डिझायनर बाईंचं नाव होतं.

जॅकवाल्याने लगेच जॅक बंद केले. त्याने साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि हे साहेबांना बरं वाटलं. त्यांनी लिहिलं, 'थांबलो. सांगा.'

'पलीकडच्या चौकटीच्या मागच्या दोन सळ्यांपैकी एक भार घेत नाहीये. दुसरी तिच्या वाटचाही घेतेय. अजून मर्यादेत आहे, पण वर गेल्यावर राहणार नाही. मला कारण दिसत नाही. तुम्हाला दिसेल.'

मोठे साहेब तंबूतून उठून पुलावर आले. त्यांचा चेहरा उन्हाने आणि काळजीने लाल झाला होता. "मर्यादेत आहे असं त्या स्वतःच म्हणतायत. पाणी उतरायला लागलं की बार्ज इथे ठेवता यायची नाही. पाहुणे बसलेत. हळूहळू घेऊ या का वर?"

एके काळी साहेबांनीच हे वाक्य म्हटलं असतं, आणि म्हणून वर मोठ्याने म्हटलं असतं. त्यांना ते मोठ्या साहेबांच्या तोंडी ओळखीचं वाटलं.

"बाईंनी थांबा म्हटलंय," ते म्हणाले. "मी खाली घेतोय."

मोठ्या साहेबांना ते नीट ऐकू गेलं नाही. पण साहेबांचं बोट पडद्यावर चाललेलं त्यांना दिसलं. 'तुकडा बार्जवर परत ठेवा. आज उचल नाही.' तुकडा जसा गेला तसा सावकाश खाली आला. पाहुण्यांना कोणीतरी जाऊन सांगितलं. खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या.

साहेब होडीने पलीकडे गेले. सळईच्या नटाखाली जी जाड लोखंडी प्लेट होती, तिच्याखालचं काँक्रीट एका कडेला उंच राहिलं होतं. प्लेट वरून सरळ दिसे, पण बसली नव्हती. सळई किंचित वाकायला लागली होती, बोट फिरवलं की कळत होतं. ते बोट फिरवत असतानाच पडद्यावर तिकडच्या वेल्डिंग प्रमुखाची नोंद आली. तो साहेबांपासून दोन पावलांवरच उभा होता, पण तोंडाने बोलायचा धीर त्याला झाला नसावा. 'प्लेट मी बसवली. फोटोत सरळ दिसली.'

साहेबांनी तिथल्या तिथे उत्तर टाकलं. 'फोटोत मलाही सरळच दिसली होती, मी मंजूर केली. आता पाणसळ आण, दोघं मिळून बघू.'

वेल्डिंग प्रमुख सपाटी मोजायची पाणसळ घेऊन आला. दोघं गुडघ्यांवर बसले. मोठे साहेबही मागून होडीने आले होते. त्यांनी वाकून सळई पाहिली, हाताने चाचपली. मग कोट काढून कठड्यावर टाकला आणि म्हणाले, "सांगा, मी काय धरू?" काँक्रीट घासून सपाट केलं, सळई बदलली, संध्याकाळच्या आत जॅकने ताण देऊन पाहिला. दोन्ही सळ्यांवर सारखा भार. डिझायनर बाईंनी लिहिलं, 'माझी हरकत नाही.' थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली. 'थांबलात, म्हणून आज पहिल्यांदा इथून पूल आपला वाटला.'

दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा चढलं तेव्हा तुकडा उचलला. पाहुणे नव्हते, भाषणं नव्हती. तंबू अजून काढला नव्हता, म्हणून रात्रपाळी करून आलेले सुतार आणि लोहार पाहुण्यांच्या मऊ खुर्च्यांवर पाय पसरून बसले आणि चहा पीत त्यांनी सगळी उचल पाहिली. साहेबांनी बायकोलाही बोलावून घेतलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध ती बसली होती. तुकडा कुठेही न अडखळता वर गेला आणि दोन हातांच्या मधे अचूक बसला. मग दोन्ही काठांवरून ओरडा उठला. साहेब मात्र खाली बघून टायपत होते. 'पोचला. सगळ्यांचे आभार. आता सांधे पक्के होईपर्यंत कोणी उड्या मारू नका.' लोक वाचत गेले तसे पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू पसरत गेलं.

पूल सुरू व्हायच्या आधी डिझायनर बाई पाहायला आल्या. साठीच्या घरातल्या, बारीक, केस आखूड कापलेले, पायात चालायचे बूट. साहेबांनी त्यांना सगळा पूल पायी दाखवला. मधोमध आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू? सुरुवातीला तुमच्या ऑफिसातून फोनवर कोणीतरी फार ओरडायचं. ते गृहस्थ कुठे गेले?"

समन्वयक बाई पलीकडे तोंड करून नदी बघू लागल्या.

"त्यांची बदली झाली," साहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग त्यांनाही हसू आवरेना. दोघंही कठड्याला टेकून, एक खरखरीत आणि एक साधं, असे पुष्कळ वेळ हसले.

हा पूल झाला तेव्हा साहेबांची निवृत्ती जवळ आली होती. कंपनीने आणखी दोन वर्षं मागितली. साहेबांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "जा. पण संध्याकाळी घरी आल्यावर फळ्यावर नको, माझ्याशी तोंडाने बोलायचं. हळू चालेल." आता ते डोंगरातल्या एका बोगद्याच्या कामावर आहेत. बोगदा दोन्ही टोकांकडून खणतायत आणि दोन टोकांच्या टोळ्या एकमेकींना दिसत नाहीत. नव्या इंजिनियरांना ते पहिल्या आठवड्यात कामावर पाठवत नाहीत. टॅबलेट हातात देतात, खडकाचा एक फोटो दाखवतात आणि सांगतात, "आत खणणाऱ्याला काय सांगाल ते लिहा." पोरं जड जड लिहून आणतात. साहेब वाचतात, चष्मा काढतात आणि परत देतात.

परवा एकाने चारदा लिहून आणलं. चौथ्यांदा साहेबांनी वाचून मान हलवली, ते तसंच्या तसं बोगद्याच्या दोन्ही तोंडांना धाडलं आणि हेल्मेट उचललं. बाहेर डंपर रांगेत उभे होते. पहिल्याच डंपरवाल्याने दारातून हात काढून विचारलं, "साहेब, माती आज कुठल्या बाजूला टाकायची?" साहेबांनी त्याच्या दाराशी जाऊन त्याला हळू आवाजात ते सांगितलं, आणि तो गाडी सुरू करून निघाला.